आता घरीच असते

बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरातले जुने फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवायला लागले. मी तेव्हा लग्न होऊन बंगळूरला होते. मला तिथून फोटो बघता यावेत म्हणून त्यांनी खटपट करून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग चालू करून घेतलं.

यंदा घटस्फोट झाल्यावर मी नाशिकला परत आले. त्यानंतर आठवड्याभरात इंटरनेटवाला राउटर बदलायला आला. जुन्या सेटिंग्ज बघून त्याने विचारलं, "काका, पोर्ट फॉरवर्डिंग नव्यातही करायचं का? बाहेरून कोणी हा कॉम्प्युटर बघतं का?"

"नाही केलं तर फोटो दिसणार नाहीत?"

"घरातल्यांना दिसतील. बाहेरच्याला आत यायचं असेल तरच ते लागतं. नाहीतर उगाच दार उघडं राहतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग नको. मुलगी आता घरीच असते."

मी मटार सोलत होते. आता रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी सोलत राहिले.

तो गेल्यावर बाबांनी माझ्या लॅपटॉपवर फोटो उघडले. "बघ, किती पटकन येतात."

"हो," मी म्हणाले. बंगळूरला एकेका फोटोला वेळ लागायचा.

शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोवर ते थांबले. "तुझ्या शेजारी ही कोण गं?"

मला आठवेना. तसं सांगितल्यावर त्यांनी फोटोखाली 'नाव आठवत नाही' असं टाइप केलं आणि पुढचा फोटो उघडला.