छकड्यावरचा माणूस

"लिवा, परलो."

दवाखान्याच्या बाकावर बसता बसता तो एवढंच म्हणायचा. कधी डोकं फुटलेलं असे, कधी मांडीतून रक्त गळत असे. एकदा तर अर्धा कान फडक्यात बांधून हातात घेऊन आला होता. आमच्या नोंदवहीत 'इजेचे कारण' असा एक रकाना होता. त्यात त्याच्या नावापुढे मी दर वेळी एकच शब्द लिहीत आलो: पडला.

राणीच्या राज्यातली गोष्ट आहे. कल्याणच्या दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. औषधं कालवायची, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर टाके घालत असताना रोग्याला दाबून धरायचं, ही माझी कामं. त्याला मात्र कधी धरावं लागलं नाही.

तो शर्यतीत छकडा हाकायचा. तुम्ही शर्यतीचा छकडा पाहिला नसेल तर सांगतो, तो नुसता सांगाडा असतो: दोन चाकं, पुढे जू आणि मध्ये पाय रोवायला हातभर फळी. त्या फळीवर उभं राहून उधळलेली जोडी हाकायची. त्याचा जन्म कोलशेतच्या मिठागरातला, पण कल्याणजवळच्या एका जमीनदाराने त्याला आपल्या गोठ्यातच ठेवून घेतलं होतं. भातं कापून झाली की होळीपर्यंत शर्यती चालत, आणि तोवर त्याच्या आमच्याकडे फेऱ्या चालत.

एकदा तो खांद्यावर वीतभर वार घेऊन आला. हरलेल्या गावाने त्याला वाटेत गाठलं होतं, हे सगळ्या कल्याणला ठाऊक होतं. मारामारी म्हटली की फौजदाराला कळवावं लागे. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "काय रे, कोयत्यावर पडलास?"

"हां साएब. उभ्या कोयत्यावर."

मी हसलो. तोही हसू लागला आणि कळवळला. "हसवू नका ओ, टाका तुटल."

गमत्या माणूस आहे, असं मला वाटत होतं. मग एका दुपारी गावाबाहेरच्या माळावर मी त्याची शर्यत पाहिली. त्याच्या पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला खिळा होता. तो खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसून तो फिरवत होता. शेवटच्या टप्प्यात तो वाकला आणि बैलाची शेपटी दातांत धरून कडकडून चावला. जोडी हंबरत सुटली. जिंकल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ते त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो बैलांसाठी मलम मागायला. मी चिडलो. "आधी भोसकायचं आणि मग मलम लावायचं? त्या मुक्या जनावराला दुखत नाही का रे?"

"दुकतं. मना बी दुकतं." मग डबी कनवटीला खोचत म्हणाला, "मालकाला नाय दुकत."

त्याची बहीण मोहने गावात दिली होती. मेहुणाही छकडाच हाकायचा, मोहनेकरांचा. टिटवाळ्याच्या माळावर हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. डॉक्टरांनी मला पट्ट्यांची पेटी देऊन तिथे पाठवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी दहा हातांवरून पाहिलं.

दोन्ही छकडे बरोबरीने आले. चाकाला चाक घासलं. मेहुण्याचं चाक निखळलं आणि तो खाली गेला. कासरा त्याने मनगटाला गुंडाळलेला. बैल त्याला फरफटत नेऊ लागले. निशाण पन्नास पावलांवर होतं. याचा जमीनदार मालक खुर्चीवर चढून ओरडत होता, "हाण! हाण!"

याने हाणलं नाही. उडी टाकली. त्याची जोडी रिकामा छकडा घेऊन गर्दीत घुसली, आणि हा मेहुण्याच्या जोडीला आडवा जाऊन शिंगांना लोंबकळला. बैल थांबले तेव्हा मेहुण्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नुसता लगदा झाला होता.

मी पेटी उघडत होतो, तेवढ्यात मालकाची माणसं धावत आली. मला वाटलं, मदतीला. त्यांनी याला केसांना धरून मागे ओढलं. मालकाने त्याचीच पराणी उचलली. पहिला फटका तोंडावर बसला. मग खिळ्याचं टोक. मांडीत, पाठीत, पुन्हा मांडीत. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून पडून राहिला, तर मालकाने ते हात मोडेपर्यंत हाणले. माळावर शेकडो माणसं होती. कोणी हललं नाही. मीही नाही.

दोघांना एकाच गाडीतून कल्याणला आणलं. डॉक्टरांनी मेहुण्याचा पाय कापला आणि मग ते याच्याकडे वळले. दारात मालकाचा कारभारी येऊन उभा होता. मी सवयीने वही उघडली आणि 'पडला'मधला 'प' लिहिलासुद्धा.

"नको." पुढचे दात गेले होते, शब्द नीट फुटत नव्हते. "लिवा, मारला मना. मालकानं मारला. नाव सांगतो, लिवा."

कारभारी खाकरला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "विचार कर. त्या गावात तुला परत राहता येणार नाही."

"बैलाला बोलता येत नाय साएब. मना येतं."

खटला ठाण्याला उभा राहिला. साक्षीदारांत माझं नाव होतं. आधीच्या आठवड्यात कारभारी माझ्या घरी येऊन गेला. धमकी दिली नाही. आईच्या प्रकृतीची चौकशी केली, अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलीचं वय विचारलं, पाणी प्यायला आणि गेला.

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "मारताना कोणाला पाहिलंत?"

मी म्हणालो, "धूळ फार होती साहेब. दिसलं नाही."

तो समोरच होता. मोडलेले हात वाकडे जुळले होते. आता हा मला शिवी देईल, असं वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मालक सुटला.

चार दिवसांनी सकाळी तो मला कल्याण बंदरावर दिसला. ओहोटी होती, कोलशेतला जाणारी होडी दूर चिखलापलीकडे थांबली होती. बहीण डोक्यावर गाठोडं घेऊन पुढे चालली होती. मेहुणा त्याच्या पाठीवर होता. याची बोटं वळत नव्हती, म्हणून मेहुण्यानेच त्याच्या गळ्याला मिठी घातली होती.

मी पायऱ्यांवरून ओरडलो, "थांब! मी धरतो त्याला."

तो वळला. "राऊ द्या भाऊ," तो म्हणाला, "कपरं भरतील तुमची."

आणि गुडघाभर चिखलातून एकेक पाय उपसत तो होडीकडे चालू लागला.