भाऊंचा खडा आणि माझी परीक्षा

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी नवीन जालन्याच्या स्टेशनावर भाऊंनी माझ्या निरोप समारंभाचं सोनोग्राफीच्या प्रदर्शनात रूपांतर केलं. भाऊ म्हणजे माझे वडील, धावडा गावात मिरची आणि मका पिकवणारे. मुंबईची गाडी यायला अर्धा तास होता. माय धपाट्यांच्या डब्याला तिसऱ्यांदा फडकं बांधत होती. मी दोन बॅगांवर पाय ठेवून, डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून वेळापत्रक वाचत होतो. तेवढ्यात भाऊंनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला रिपोर्ट काढला आणि बाकावर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थापुढे धरला.

"पित्ताशयात खडा हाये. एकच हाये, पण चांगला हाये. हा पोरगा सर्जन हाये माझा. तिकडून शिकून आला की काढणार."

गृहस्थांनी माझ्याकडे, मग रिपोर्टकडे पाहिलं. "तोवर?"

"तोवर राखून ठेवतो," भाऊ म्हणाले.

गाडी हलली तशी माय रडायला लागली. मलाही हुंदका आला. भाऊ मात्र डब्याबरोबर चालत खिडकीशी ओरडत होते, "जल्दी ये रे गजू! खडा थांबलाय!" डब्यातल्या लोकांना नाशिक येईपर्यंत मी खडा म्हणजे काय ते समजावत होतो.

खडा तेव्हा काही त्रास देत नव्हता, म्हणून मीही फार ताणलं नाही. सर्जननं आपल्याच माणसावर हात टाकू नये, हात कापतो, हे मात्र मी भाऊंना शंभर वेळा सांगितलं होतं. "शबानाकडून करून घ्या, ती माझ्यापेक्षा सफाईनं करते," असंही सांगितलं होतं. डॉ. शबाना अंबडला एका खासगी दवाखान्यात माझी ज्युनियर होती. भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरगी चांगली हाये. पण खडा तुझा हाये."

त्या दवाखान्यात मी तीन वर्षं होतो. तिथले मोठे सर फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी माझ्या हाडात भिनवली. टाके घातले म्हणजे ऑपरेशन संपत नाही, बाहेर जाऊन दाखवलं की संपतं. अपेंडिक्स असो, गाठ असो, पित्ताशय असो, काढलेली वस्तू ट्रेमध्ये ठेवायची, वरून कापड टाकायचं आणि दाराबाहेर जायचं. बाहेर बारा-पंधरा माणसं उभी असतात. आपण कापड उचलतो. सगळ्यात वडीलधारा माणूस पुढे येतो, वाकून बघतो आणि "अरे बापरे" म्हणतो. त्या "अरे बापरे"शिवाय पेशंट बरा होत नाही अशी तिथली समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर माझीही होती. मग खडे इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून द्यायचे. ती बाटली घरी टीव्हीवर जाते. अंबडचे एक पेशंट तर ती खिशात घालून लग्नाला जायचे आणि पंगतीत दाखवायचे. शबानालाही ट्रे कसा धरायचा ते मीच शिकवलं. छातीशी धरायचा नाही, म्हाताऱ्यांना दिसला पाहिजे.

अमेरिकेत सर्जन व्हायचं तर आधीचं शिक्षण गाठोड्यात बांधून ठेवायचं आणि पुन्हा पाच वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर म्हणून राबणं, करायची. ज्या वयात माझे जालन्याचे मित्र स्वतःच्या दवाखान्याच्या पायऱ्यांना कोणती फरशी घालावी यावर वाद घालत होते, त्या वयात मी ओहायोत माझ्याहून सहा वर्षांनी लहान सीनियरला "येस डॉक्टर" म्हणत होतो. तेही सोसलं असतं. पण तिसऱ्याच आठवड्यात मी एका पित्ताशयाच्या ऑपरेशनला होतो. काम छान झालं. माझ्या अंगात अंबड संचारलं. नर्सचं लक्ष नाही असं बघून मी पित्ताशय ट्रेमध्ये घेतलं, कापड टाकलं आणि थेट वेटिंग रूममध्ये गेलो.

पेशंटचा नवरा हातात डोनट घेऊन बसला होता. दोन सोयाबीनची पोती एकमेकांवर ठेवावीत असा धिप्पाड माणूस. मी अदबीनं कापड उचललं. त्यानं ट्रेमध्ये पाहिलं, डोनटकडे पाहिलं आणि तसाच खुर्चीवरून खाली सरकला. "अरे बापरे" मलाच म्हणावं लागलं.

त्यानंतर मला शिक्षा झाली नाही. अमेरिकेत शिक्षा करत नाहीत, कोर्स करायला लावतात. काढलेला अवयव कुठं न्यावा आणि कुठं नेऊ नये, यावर दोन तासांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी दहा प्रश्न, आणि पास झालात की सीएमईचं सर्टिफिकेट. सीएमई म्हणजे डॉक्टरांनी आयुष्यभर चालू ठेवायचं शिक्षण. जालन्यात असताना आमचं सीएमई एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायचं. औषध कंपनीची पिशवी मिळायची, एक पाहुणे डॉक्टर स्लाइडी दाखवायचे, आणि सगळ्या डॉक्टरांचं लक्ष मागच्या बाजूला पनीरच्या भांड्यावरचं झाकण कधी उघडतं याकडे असायचं. इथं झाकण नाही, पनीर नाही. आपण, कॉम्प्युटर आणि एक गोल फिरणारं चक्र. मध्येच कॉम्प्युटर विचारतो, तुम्ही अजून वाचताय का? जालन्यात व्याख्यानाला झोपलेल्या माणसाला कुणी असं विचारून लाजवत नसे.

रेसिडेन्सी संपली. एका गावातल्या हॉस्पिटलनं नोकरी दिली, पण अट घातली की ठरलेल्या मुदतीत तिथल्या सर्जन मंडळाची, म्हणजे बोर्डाची, परीक्षा पास व्हायची. लेखी झाली. मग तोंडी. ती हल्ली कॉम्प्युटरवर असते. वर कोट-टाय, खाली घरातली पँट. समोर दोन परीक्षक. ते पेशंटची गोष्ट सांगतात, तुम्ही काय करणार ते विचारतात, आणि तुम्ही काहीही सांगितलं तरी चेहरा हलू देत नाहीत. फक्त म्हणतात, "आणि मग?"

पहिल्या खेपेला माझ्या वाट्याला पित्ताशयच आलं. मी भराभर सांगत गेलो. तपासण्या, भूल, दुर्बीण, सगळं बराबर. परीक्षक म्हणाले, "ऑपरेशन पूर्ण झालं. आणि मग?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मी ते बाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवतो."

दोघांपैकी एकानं पहिल्यांदाच भुवई हलवली. मला तो डोनटवाला माणूस दिसायला लागला. त्या एका वाक्यानं मला नापास केलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतरच्या पेशंटना मी जे काही केलं त्यातला एकही वाचला नसता.

भाऊंना फोनवर सांगितलं. गावाला मुळात हेच कळत नव्हतं की दहावी, बारावी, एमबीबीएस आणि एमएस होऊन हा चाळिशीतला माणूस अजून परीक्षा कसली देतोय. भाऊंनी विचारलं, "काय इचारलं व्हतं?"

मी सांगितलं. माझं उत्तरही सांगितलं.

"मंग बराबरच सांगितलं की तू!" भाऊ भडकले. "न्हाई दाखवलं तर लोकांला कसं कळंल काढलं म्हणून? कोणी मास्तर बसवलेत तिथं!"

हसू आलं, पण परिस्थिती हसण्यासारखी नव्हती. मुदतीत आता एकच संधी बसत होती. ती गेली की नोकरी जाणार, आणि पाच वर्षांची हमाली पाण्यात. गावी जायचं तर तेही पास झाल्याशिवाय जीवावर आलं होतं. भाऊंचा खडा मात्र आता बोलायला लागला होता. मधूनच माय सांगायची, तळलेलं खाल्लं की यांच्या कुशीत चमक मारते. मी म्हणायचो, शबाना आता जालन्यातच आहे, तिला दाखवा. भाऊ म्हणायचे, "तुझी परीक्षा होऊ दे. मंग तू ये. मंग काढ."

मी तयारीचा सीएमई कोर्स घेतला. त्यातल्या निवृत्त सर्जनबाईंनी पहिल्याच दिवशी माझं दुखणं ओळखलं. म्हणाल्या, तुला ज्ञान आहे, पण "आणि मग?" ऐकलं की तू पळायला लागतोस. कुणीतरी शोध जो तुला रोज हाच प्रश्न विचारेल.

शोधायची गरजच नव्हती. आमच्या घरात कुणी गोष्ट सांगायला लागलं की भाऊ हुंकार देतात. हूं नाही म्हणत. "मंग?" म्हणतात. बाजारात बैल उधळल्याची गोष्ट असो की कुणाच्या सोयरिकीची, "मंग?" थांबला की समजायचं भाऊ झोपले. म्हणून मी दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल लावून भाऊंना परीक्षक केलं.

"भाऊ, एक बाई आहे. पोट फुगलंय. उलट्या."

"मंग?"

"नाकातून नळी घातली. एक्स-रे काढला."

"मंग?"

"आतडं अडकलंय. सलाइन लावलं, वाट बघितली."

"मंग? बाई हाये का गेली?"

अमेरिकेतल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा हे कठीण होतं, कारण भाऊंना पेशंटची खरीच काळजी वाटायची. पुढच्या रविवारी ते आधी मागच्या बाईची चौकशी करत. हळूहळू मी पळायचा थांबलो. एक पायरी, मग दुसरी.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी भाऊ म्हणाले, "आज मी सांगतो. समज, एक माणूस हाये. सत्तरीतला. काल दुपारपासून उजव्या बरगडीखाली दुखून राह्यलंय. थांबतच न्हाई. ताप हाये."

मला कौतुक वाटलं. म्हातारा इतक्या दिवसांत चांगलाच तयार झाला होता. मी ताठ बसलो. "भरती करतो. सोनोग्राफी, रक्त, सलाइन, अँटिबायोटिक."

"मंग?"

"पित्ताशयाला सूज आहे. एक-दोन दिवसांत ऑपरेशन करतो."

"थांबता येतं का?"

"बिलकुल नाही."

"समज, त्याला कोणाची वाट पाह्यची आसंल तर?"

"कुणाचीही वाट बघायची नाही," मी परीक्षेच्या खणखणीत आवाजात म्हणालो. "या वयात उशीर केला तर पित्ताशय सडेल, फुटेल. माणूस जाईल."

भाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "बराबर हाये. पास होतो तू." आणि फोन ठेवला. मी आनंदात चहा केला.

मंगळवारी परीक्षा झाली. परीक्षकांनी "आणि मग?" विचारलं की मला समोर भाऊ दिसायचे, आणि उत्तर आपोआप शांतपणे यायचं. यंदा कुणाला काही दाखवायला नेलं नाही. संपल्यावर फोन चालू केला, तर शबानाचे चार मिस्ड कॉल. लावायच्या आत तिचाच व्हिडिओ कॉल आला. डोक्याला हिरवी टोपी, मागे ऑपरेशन थिएटरचं दार.

"सर, पहिलं सांगते, भाऊ बिलकुल ठीक हायेत. रविवारी संध्याकाळीच आल्ते स्वतःहून. म्हणाले, गजूनं सांगितलंय, थांबायचं न्हाई. अन् तुमची परीक्षा होईस्तोवर तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणून मला कसम घातली."

समज एक माणूस हाये! त्यांच्याच तापाला मी परीक्षेचं उत्तर देऊन चहा प्यायलो होतो. संताप आला, भाऊंचा कमी आणि माझा जास्त. पडद्यावर बाजूनं मायचा चेहरा आत आला, सुजलेल्या डोळ्यांचा.

"रिश्तेदाराला दाखवल्याशिवाय ऑपरेशन संपत न्हाई, सर," शबाना म्हणाली. "तुम्हीच शिकवलं." आणि तिनं ट्रे कॅमेऱ्यासमोर धरून कापड उचललं. छातीशी नाही, मी शिकवला होता तसा, मला नीट दिसेल असा.

आयुष्यात शेकडो पित्ताशयं काढली. पण त्या ट्रेकडे बघताना मी सर्जन नव्हतो. अंबडच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या बारा-पंधरा जणांसारखाच मी एक झालो होतो, आणि त्यांच्यासारखेच बावळट प्रश्न विचारत होतो. "सगळं निघालं ना? आत काही राहिलं नाही ना? एवढा मोठा होता?" आणि मग माझ्या तोंडून ते निघालंच. "अरे बापरे." मी रडत होतो. माय पलीकडून म्हणाली, "पाह्यलं ना बराबर? आता जेव काहीतरी."

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून लांब आलेल्यांनो, मला इतकी वर्षं वाटायचं की घर म्हणजे जिथं आपण कधीतरी ट्रे घेऊन बाहेर येऊ आणि सगळे वाकून बघतील. घर म्हणजे ते नव्हे, हे आता कळलं. ज्या दाराबाहेर माझ्या नावानं एक जागा धरून ठेवलेली असते, मी आठ हजार मैलांवर असलो तरी, आणि ट्रे माझ्यापर्यंत आल्याशिवाय जिथलं ऑपरेशन संपत नाही, ते माझं घर आहे.

निकाल आठवड्यानं आला. पास. भाऊंना व्हिडिओ कॉल केला. खडा त्यांच्या टीव्हीवर बाटलीत होता, आधी त्यांनी तोच दाखवला. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुझ्यासाठी राखला व्हता, पण न्हाई राह्यला. आता डाव्या जांघेत जरा फुगल्यासारखं वाटून राह्यलंय. दुखत न्हाई. शबाना म्हणली, हर्निया हाये." मग अगदी हळू विचारलं, "ह्याला थांबता येतं का? कोणाची वाट पाह्यची आसंल तर?"

याचं उत्तर मला पाठ होतं. "दुखत नसेल तर येतं, भाऊ. हर्निया थांबतो."

"मंग?"

"मग डिसेंबरात येतो."