मोठ्या मायचं गाणं मी दुरुस्त केलं

आमच्या गावच्या साहित्य मेळाव्याला शाळेची खोली मिळाली नाही. सरपंच म्हणाले, पोरांच्या परीक्षा आहेत. परीक्षा दोन महिने लांब होत्या. देवळाचा मंडप आम्ही मागणार नव्हतो आणि मागितला असता तरी मिळाला नसता. शेवटी गावाबाहेरचा मिरचीचा सातरा मिळाला. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. आमच्या वस्तीतल्या बाया तिथे दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडायच्या. मालक एका रविवारपुरता राजी झाला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला कशाबद्दलही शंका नव्हती. माझं वाचन पत्रकांवर झालेलं. वडील नागपूरला गिरणीत होते. शनिवारी उमरेडच्या एसटीने घरी येताना डब्याच्या पिशवीत सभांची, संपाची, धम्माची पत्रकं घेऊन यायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द नसतो. मीही तो शिकलो नाही.

मेळाव्यासाठी आम्ही सोळा पानांची सायक्लोस्टाईल पुस्तिका काढणार होतो. तिच्यात एक पान मोठ्या मायचं असावं असं मीच ठरवलं. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, ती सातऱ्यावर राबत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिचं एक गाणं होतं. आम्ही नागपूरला दीक्षा घेतली त्याच्या दोन वर्षं आधी तिची सहा वर्षांची मुलगी देवीच्या साथीत गेली. गाणं त्या मुलीचं. देठ खुडता खुडता ती ते म्हणायची, बाकीच्या बाया मागून नुसता सूर धरायच्या.

घरात कोणाला देवी निघाली की मातामाय पाहुणी आली, असं तेव्हा मानायचे. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, मोठ्याने बोलायचं नाही, फोडणी द्यायची नाही. मोठ्या मायने हे सगळं पाळलं होतं. गाण्यात ती त्या पाहुणीशी भांडत होती. तुला थंड पाणी दिलं, तुझ्यासाठी चूल गप्प ठेवली, आणि जाताना तू माझ्या घरातून काय उचलून नेलंस, असं काहीसं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मुलीचं नाव यायचं. मी अर्थ सांगतो आहे. शब्द माझ्याकडे नाहीत. ते का नाहीत, हेच लिहायला बसलो आहे.

तिने सांगितलं, मी पेन्सिलने लिहून घेतलं आणि घरी बसून खोडरबर चालवलं. दीक्षा घेतलेल्या लोकांच्या मंचावर मातामाय? नागपूरचे कवी काय म्हणतील? जिथे जिथे मातामाय होती तिथे मी ‘सरकार’ लिहिलं आणि त्याला जुळत नव्हत्या त्या ओळी नव्याने रचल्या. लस गावात पोचली नव्हती, दवाखाना दूर होता, हे तर खरंच होतं. मुलीच्या नावाच्या जागी ‘कष्टकऱ्याची लेक’ घातलं. एकट्याचं दुःख सगळ्यांचं करावं, असं मी कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर जाऊन तिला वाचून दाखवलं.

“इथं सरकार काहून आलं गा?” तिने विचारलं.

“जबाबदार तेच होतं, मोठी माय. देवी-बिवी काही नसते. तूच तर घरचे देव नाल्यात टाकले.”

“टाकले ना. तुह्या बापाच्याही पयले टाकले.” तिचा हात देठ खुडतच होता. “घरातून काढलं मी तिले. पण भांडाले कोणी पायजे का नाही? सरकार कधी आलं होतं माह्या दारात? मातामाय आली होती.”

शेजारची बाई म्हणाली, “अवं, विचार त्याले, सरकारले पाणी कोन्या लोट्यात देऊ म्हणा!”

बाया खदखदून हसल्या. मी हसलो नाही. मी त्यांना शोषण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मोठी माय शेवटपर्यंत ऐकत होती.

“बरं बाप्पा,” ती म्हणाली. “तू शिकलेला. तू म्हणशील तसं.”

मेळाव्याच्या दिवशी मिरचीचे ढीग एका बाजूला सारून आम्ही तट्टे अंथरले, दोन बाजा जोडून मंच केला. नागपूरचे कवी आले. तिखटाची धूळ हवेत होतीच. पहिले कवी कविता वाचायला तोंड उघडायचे आणि शिंकायचे. “साहेबाले गूळ द्या वं कोणी,” मागून आवाज आला, “पयल्याच ओळीत मेला!” सगळा सातरा हसला, कवीही हसले. इतकी माणसं जमतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मग मी मोठ्या मायला बोलावलं. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती आली आणि बाजेवर उभी न राहता बसली. तिने सूर लावला तशी खालची कुजबुज थांबली. गाणं पहिल्या ‘सरकार’पाशी आलं आणि ती अडली. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. बायांना वाटलं, विसरली.

“मातामाय म्हण वं, मातामाय!” दोघीतिघी ओरडल्या.

मी हात वर करून त्यांना गप्प केलं. वाकून तिला म्हणालो, “सरकार, मोठी माय. सरकार.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. परक्या गावात माणूस रस्ता विचारतो, तशी ती बघत होती. “सरकार,” ती म्हणाली. गायली नाही, नुसती म्हणाली. कडव्याच्या शेवटी लेकीची जागा आली. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. हात जोडून ती खाली उतरली.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष भाषणात म्हणाले, या निरक्षर बाईलाही खरा शत्रू ओळखता आला आहे. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला.

त्यानंतर ती सातऱ्यावर गायली नाही. मला ते पुढच्या हंगामात कळलं, तेही दुसऱ्या बाईकडून. “म्हण म्हटलं तं म्हणते, पोट्ट्यानं लिवलेलं पाठ होऊ दे आधी. शाळेतल्या पोरीकडून तुमचं पुस्तक रोज वाचून घेते.”

माझी मतं आजही तीच आहेत. मातामाय नव्हती, लस नव्हती. पण काही वर्षांनी मोठी माय बिछान्याला खिळल्याचं मला शहरात कळलं तेव्हा मी वही घेऊन पहिल्या एसटीने निघालो. मला तिचं गाणं हवं होतं, मी खोडलेलं.

“म्हणतो ना,” ती म्हणाली. उशीला टेकून बसली. आवाज पार बसला होता, चाल मात्र तीच होती. पहिल्या कडव्यात सरकार आलं. ती अडली नाही.

“हे नाही, मोठी माय. पयलं म्हण, तुह्यावालं.”

“हेच तं आहे. तूच तं लिवलं.” मग बराच वेळ तिने आठवून पाहिलं. “पयलं आता येत नाही गा. हे पाठ करता करता ते गेलं.”

एवढं बोलून ती पुढे गाऊ लागली. एकही शब्द चुकत नव्हता. कडव्याच्या शेवटी, जिथे तिच्या पोरीचं नाव होतं, तिथे ती म्हणाली, कष्टकऱ्याची लेक. माझ्या हाताकडे पाहत थांबली, मी लिहून घेतो की नाही ते बघायला.

मी लिहिलं. “हाव,” म्हणालो, “पुढं.”