दुकानाची दुसरी चावी

माझं इस्त्रीचं दुकान आणि चावीकाकूंचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही अर्धीच. त्यामुळे काकू कुणाचं कुलूप उघडायला बाहेर पडल्या की त्यांच्या गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं काम माझ्या गळ्यात. "कुठे गेल्या? कधी येतील? फोन का उचलत नाहीत?" एकदा असाच बोलण्याच्या नादात मी एका वकिलाची कॉलर करपवली. शिव्या अर्थातच मला बसल्या.

"अहो, एक माणूस ठेवा की," मी म्हणायचो.

"तुमच्या चुकीने सदरा जळतो. माझ्या चुकीने कुणाचं तरी घर उघडं पडतं," असं म्हणून त्या पुन्हा कानस चालवायला लागायच्या.

नवऱ्याच्या शेजारी बसून त्या हे काम शिकल्या. तो गेल्यावर दुकान विकतील अशी सगळ्यांची खात्री होती, पण बाईंनी शटर वर केलं ते कायमचं. त्यांचे नियम कडक. साबणावरचा ठसा घेऊन चावी मागणाऱ्याला पायरीवरूनच वाटेला लावायचं. कापताना बिघडलेली चावी तशीच टाकायची नाही, कानशीने तिचे दात घासून सपाट करायचे आणि मगच भंगारात. अख्ख्या वस्तीला जोडचाव्या करून देणाऱ्या या बाईकडे स्वतःच्या दुकानाची चावी मात्र एकच, ती कमरेला. मी चेष्टा केली की त्यांना ऐकू कमी यायचं.

मग मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची सासू न्हाणीघरात अडकली. आतलं कुलूप फिरेना. शिंपीणबाई धापा टाकत आल्या तर शटर खाली, कारण काकू दूर कुठेतरी एक कपाट उघडत बसलेल्या. शेवटी लोकांनी दार फोडलं. ते आत कोसळलं आणि म्हातारीचा पाय मोडला. जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं.

काकू तिला भेटून आल्या. "आतून माझ्याच नावाने हाका मारत होती म्हणे," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "बस झालं. माणूस ठेवणार."

माणूस समोरच होता. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांनी टपरी बंद केली होती, कारण घड्याळ दुरुस्त करून घेणारं कुणी उरलंच नव्हतं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ दिवसभर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मनगटं बघायचे.

"आजवर मी मालक होतो," ते काकूंना म्हणाले. "हाताखाली काम जमेल की नाही, सांगता येत नाही."

"मीही अजून कुणाची मालकीण झालेली नाही. बघू दोघं."

हात चांगला होता त्यांचा. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून काकूंचा असा आवाज आला की मी इस्त्री बाजूला ठेवून धावलो. घड्याळवाल्यांच्या खणात एक डबी सापडली होती आणि तिच्यात बिघडलेल्या चाव्या, दातांसकट, नीट मांडून ठेवलेल्या.

"कशासाठी जमवताय या?"

घड्याळवाले गोंधळून गेले. "अहो, घड्याळवाला काही टाकत नाही. आज इथे न बसलेलं उद्या दुसरीकडे बसतं."

"तेच तर! उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी दाराला बसेल! चला, निघा. मी एकटीच बरी."

ते मान खाली घालून गेले. मला काकूंचा राग आला, खरं सांगतो. माणसाची नियत आणि माणसाची सवय यांत काही फरक आहे की नाही?

सकाळी घड्याळवाले शटरसमोर हजर. "हाकलायचं तर हाकला," ते म्हणाले, "पण आधी त्या चाव्या मला घासू द्या. चूक माझी आहे, ती तुम्ही का निस्तरायची?"

काकूंनी डबी त्यांच्यापुढे सरकवली. ते घासत बसले. एवढ्यात फोन आला. एका घरात तान्हं बाळ आत, आई बाहेर आणि दार ओढलं गेलेलं. काकूंनी पिशवी उचलली, सवयीने शटरला हात घातला आणि थबकल्या. एकदा घड्याळवाल्यांकडे पाहिलं. शटर तसंच सोडून त्या निघाल्या.

मी कान टवकारून होतो. थोड्या वेळाने एक माणूस रुमालात गुंडाळलेली साबणाची वडी घेऊन आला. घड्याळवाल्यांनी मान वर न करता सांगितलं, "कुलूप घेऊन या. नाहीतर वाट धरा." मला हसू आवरेना. काकू परतल्या तशी मी ही हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. आईच्या कुशीत बाळ देऊन आलेल्या त्या बाईंनी ती उभ्याउभ्याच ऐकली.

मग कमरेची चावी सोडून त्यांनी यंत्रात लावली आणि कोऱ्या चावीवर चाक फिरवलं. एरवी डोळे मिटूनही चावी कापतील अशा बाईंचा हात आज हलला. चावी बिघडली. त्यांनी ती घड्याळवाल्यांपुढे धरली.

त्यांनी ती घेतली आणि कानशीखाली धरली. सगळे दात जाईपर्यंत घासली, कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि भंगारात टाकली.

तोवर दुसरी तयार होती. काकूंनी ती शटरच्या कुलपात फिरवून पाहिली, मग घड्याळवाल्यांच्या हातावर ठेवली. "सकाळी मला उशीर झाला तर तुम्ही उघडा," त्या म्हणाल्या.