पाचव्याचा निरोप

भूत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय.

ऐंशीच्या दशकाची अखेर. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आम्ही चार प्रोसेसर एकदम चालणारं मशीन बनवत होतो. त्याचा कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा, तपासणं माझ्याकडे. त्यासाठी मी एक चाचणी लिहिली होती. ती आपणच वेडेवाकडे छोटे प्रोग्राम तयार करायची, चारही प्रोसेसरकडून सोडवून घ्यायची, आणि उत्तर चुकलं की बाहेरच्या खोलीतला प्रिंटर खडखडायचा.

त्या दुपारी मी आणि माझा मदतनीस, मुरगूडचा शिंदे, मशीनच्या खोलीत होतो. एसी बंद पडला. बाहेर जायला निघाले, तर दाराची मूठच हातात आली. धूळ नको म्हणून खिडक्या बुजवलेल्या, दाराला जाड फोम, शेजारच्या शेडमध्ये लेथ यंत्राचा आवाज चालू. आम्ही दार बडवलं, ओरडलो. बाहेर बसलेल्या आमच्या शिपाई दत्तूमामांना काही ऐकू जाईना.

"म्याडम, माझा पंप भाईर पिशवीत हाय," शिंदे म्हणाला. त्याला दमा होता.

"बोलू नकोस. खाली बस."

प्रिंटर मामांच्या कानाशीच होता. तो वाजला असता तर मामा उठले असते. पण चाचणीच अडकली होती — चारही प्रोसेसर पाचव्याच्या निरोपाची वाट बघत थांबलेले. कंपायलरने चुकून पाचवा धरला होता, मशीनमध्ये तो नव्हताच. कीबोर्ड काही घेईना. मशीन पुन्हा चालू करायचं बटण बाहेर.

"पाचवा कुठनं यायचा ओ?" शिंदे हसायला गेला आणि त्याची छाती घरघरायला लागली. ओठ निळे पडले. मी कॉलर सैल केली, फाइलने वारा घातला. तो स्क्रीनकडे बघत पुटपुटला, "ये की रं बाबा..."

स्क्रीनवरच्या ओळी हलल्या. निरोप आला होता. चौघं सुटले, चाचणी संपली — उत्तर चूक! आता बाहेर प्रिंटर खडखडणार म्हणून मी पुन्हा दार बडवायला लागले.

दार उघडलं. मामा हातात कागद घेऊन उभे. "ह्यो कागद का सुटलाय बगाय उठलो, तर दार हादरतंय! कोंडून घेतलासा व्हय?"

"आधी त्याचा पंप आणा!"

शिंदे वाचला. कंपायलरची चूकही मी शोधून दुरुस्त केली. पण जुन्या कंपायलरवर तोच प्रोग्राम कितीदा चालवला तरी चौघं थांबतात आणि थांबूनच राहतात. वायरी, मेमरी, सगळं तपासलं. नुसता बिघाड असता तर काहीतरी कचरा आला असता. आलेल्या निरोपावर पाठवणाऱ्याचा नंबर स्वच्छ होता... पाच.

शिंदेला विचारलं की तो म्हणतो, "बोलावलं, आला. तुमी कशाला उकरताय?"

माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. मला तेच खुपतं.