गिरणीच्या बाकावरचा लॅपटॉप

पिठाच्या गिरणीतल्या बाकावर बसलं की कीबोर्डवर पीठ उडतं. मी फुंकर मारते आणि लिहीत राहते. हा जुना, छोटा, स्वस्तातला लॅपटॉप घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "मुलासाठी का, ताई? यावर गेम चालायचे नाहीत."

"माझ्यासाठी. लिहायला."

"मग घरात ठेवायला मोठाच घ्या की!"

घरात? घरात लिहायला बसलेली बाई सगळ्यांना रिकामीच दिसते. दुधाकडे बघ, दार उघड, माझे मोजे कुठे आहेत? तिथे जागा मिळायची वाट किती बघायची? माझी जागा मी आता पिशवीत घालून दळणाच्या डब्यासोबत आणते.

आत्ताच नवऱ्याचा फोन आला. "अजून दळण झालं नाही?"

"केव्हाच झालं," मी म्हटलं. "मी लिहितेय."