भर उन्हात दिसणारी अळी

अकोल्याच्या जठारपेठेत हमिदाबी नवऱ्याच्या माघारी मंडप आणि एलईडी स्क्रीन भाड्याने देत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, तेव्हा बाळापूरकडचे शेतकरी शेषराव त्यांच्याकडे आले. त्यांना भर दुपारी, उघड्या मैदानात स्क्रीनवर दाखवून गावाला अळी ओळखायला शिकवायचं होतं.

लग्नातली स्क्रीन उन्हात कितपत दिसेल, याचं हमिदाबींनाच कुतूहल वाटलं. त्यांनी ती बारा वाजता दुकानासमोर मांडली, अळीचा फोटो लावला आणि पलीकडे भाजी विकणाऱ्या माणिकबाईंना विचारलं, "मावशी, अळी कोन्त्या रंगाची दिसते?"

"मले तं काळीच दिसते."

मग त्यांनी जास्त उजेडाची, पाच हजार निट्सची स्क्रीन मागवून तिथेच लावली.

"आता?"

"गुलाबी. पन डोकं भुरं हाय."

ते तपकिरी डोकं हमिदाबींच्याही लक्षात आलं नव्हतं. तीच स्क्रीन घेऊन त्या स्वतः शेषरावांच्या गावी गेल्या. सभेत मागच्या रांगेतली एक बाई उठली, शेतातून आणलेलं बोंड तिनं फोडलं आणि स्क्रीनकडे पाहत म्हणाली, "हेच हाय."

हमिदाबी तिच्या हातावर वाकल्या. खरी अळी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.